पैठणीच्या ब्लाउजला फुग्याची बाही शिवू का? पीस 80 सेंमीच आहे

चकलीभाजणी: भाच्याची मुंज आहे आणि मी सख्खी मावशी, म्हणजे दिवसभर पायाला भिंगरी. येवल्याहून आणलेली जांभळी पैठणी नेसायचीय, दोन्ही बाजूंना अडीच इंची मुनिया, म्हणजे पोपटांच्या नक्षीचा, काठ. बहीण म्हणते फुग्याची बाही शिव, फोटोत छान दिसते. मला कोपरापर्यंतची, खाली काठ आलेली आवडते. दंडघेर 13 इंच. फुग्यात मी सिलिंडरला झबलं घातल्यासारखी दिसेन.

मागच्या पैठणीच्या ब्लाउजवर एका दंडावरचे पोपट पुढे निघालेत, दुसऱ्यावरचे मागे. शिवाय हात वर केला की अख्खं ब्लाउज वर. त्या लग्नात पंगतीत वरणभात वाढला तो कोपर कमरेला चिकटवून. काय करू?

सुईदोरा: 22 वर्षं ब्लाउजच शिवतेय, म्हणून आधी हिशेब. 80 सेंमी म्हणजे साडेएकतीस इंच. तुमच्या दंडाला सैलपणा आणि शिवणीची माया धरून एक बाही रुंदीला 16 इंच. एका काठावर दोन बसत नाहीत. एक या काठावर काढायची, दुसरी समोरच्या. मधल्या आणि उरलेल्या कापडात पाठ, पुढचे भाग निघतात. फुग्याच्या चुण्यांना दर बाहीला आणखी 4 इंच तरी जातात, मग पाठीची उंचीच पुरत नाही.

पोपटांचं भांडणही यातच मिटेल. मागचा पीस मोठा असणार, दोन्ही बाह्या एकाच काठातून निघाल्या. दोन्ही काठांवरचे पोपट कापडाच्या एकाच टोकाकडे चालले असतील, तर समोरासमोरच्या काठांतून काढलेल्या बाह्यांवर ते दोन्हीकडे पुढेच बघतात. कापण्याआधी बघून घ्या.

हाताचं म्हणाल तर बाहीची वरची गोलाई फार उंच कापलेली असते. ती पाऊण इंच कमी करायला सांगा. आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती गोलाई, काखेला लागूनच हवा. बायका म्हणतात, ‘मुंढा सैल ठेवा, हात मोकळा होईल.’ उलट होतं, ब्लाउज ओढलं जातं.

पाटावरवंटा: फुग्याची हौसच असेल तर त्याच रंगाचं साधं रेशमी कापड घेऊन बाही करा आणि पैठणीचा काठ खाली पट्टीसारखा जोडा. फक्त फुगा उभा राहायला आत नेट घालतात ना, त्यावर मऊ अस्तर मागा. मी गौरीत खणाचं घातलं होतं. संध्याकाळी हळदीकुंकवाला दंड खाजवत बसले.

उगाचच: स्लीव्हलेस शिवा, प्रश्नच मिटला.

चकलीभाजणी: @उगाचच, मुंजीला सासूबाई आहेत.

@सुईदोरा, पीस जमिनीवर पसरून बघितला. सगळे पोपट एकाच टोकाकडे चाललेत! कोपराची बाही ठरली. बहिणीला सांगितलं, फुग्याला कापड पुरत नाही. ती म्हणे, ‘माझ्या पिसातलं उरलेलं घे की.’ तिची पैठणी केशरी आहे.