सोलापुरात सहा वर्षांच्या मुलीसाठी सायकलचं हेल्मेट : कुठलं घ्यावं, माप कसं घ्यावं?

सईची_आई
नमस्कार मंडळी. लेकीला नुकतीच सायकल घेतली. सहा वर्षांची आहे. आम्ही जुळे सोलापुरात राहतो. सोसायटीच्या आत फिरायला जागा आहे, पण मुलं काही आत थांबत नाहीत. गेटबाहेर पाइपलाइनसाठी खोदलेला रस्ता नुसता मुरूम टाकून बुजवलाय आणि संध्याकाळी सगळी पोरं तिथंच घिरट्या घालतात. परवा शेजारचा मुलगा त्या मुरमावर घसरून कपाळावर आपटला, भुवईच्या वर टाके पडले. तेव्हापासून माझा जीव थाऱ्यावर नाही.

सासूबाई म्हणतात, एवढ्याशा सायकलला हेल्मेट कशाला? नवरा म्हणतो, गाडीचंच लहान हेल्मेट घालू. एका दुकानात विचारलं तर कडक प्लॅस्टिकची टोपी दाखवली, आत स्पंजचा पातळ थर. ते चालेल का? आणि जरा मोठं घेतलं तर दोन-तीन वर्षं जाईल का? आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती ते डोक्यावर ठेवेल की नाही, हीसुद्धा शंका आहेच.

पहाटेचा_सायकलवाला
ताई, ती स्पंजची टोपी अजिबात घेऊ नका. हेल्मेटमध्ये खरं काम करतो तो आतला थर्माकोलसारखा जाड, कडक थर. डोकं आपटलं की तो थर चिरडतो आणि धक्का स्वतःत जिरवतो. स्पंजच्या गाद्या फक्त डोक्याला टोचू नये म्हणून असतात. आत स्टिकर बघा : ईएन १०७८ (युरोपचं मानक) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं). ईएन १०७८ च्या चाचणीत हेल्मेट साधारण दीड मीटर उंचीवरून सपाट पोलादावर आणि एक मीटरभर उंचीवरून फूटपाथच्या कडेसारख्या धारेवर आपटून बघतात. सायकलवरून पडताना मुलाचं डोकं साधारण एवढ्याच उंचीवरून खाली येतं. म्हणजे हेल्मेट नेमकं तुमच्या गेटबाहेरच्या पडण्यासाठीच बनवलेलं असतं. ट्रकच्या धडकेत ते पुरं पडेल असा दावा कुणी करू नये.

गाडीचं हेल्मेट नको. ते आयएस ४१५१ प्रमाणे मोटारसायकलच्या वेगासाठी केलेलं असतं. वजन जास्त, वारा नाही, कान झाकलेले. लहान मानेला तो भार आणि मागचा हॉर्न ऐकू येत नाही.

मोठं तर मुळीच घेऊ नका. वाढत्या अंगाचे कपडे चालतात, वाढत्या डोक्याचं हेल्मेट चालत नाही. सैल हेल्मेट पडताना मागं सरकतं आणि कपाळ उघडं पडतं. शिंप्याचा टेप भुवयांच्या जरा वरून आणि मागच्या फुगीर भागावरून फिरवा. सहा वर्षांच्या मुलांचं माप बहुतेक ५० ते ५२ सेंमीच्या आसपास येतं. त्या मापाचं घ्या. मागं फिरवून घट्ट करायची चकती असते, तीच पुढची एक-दोन वर्षं काढून देईल.

घातल्यावर हे बघा : पुढची कड भुवईच्या दोन बोटं वर. पट्ट्यांचा व्ही कानाच्या पाळीखाली जुळलेला. हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच जागा. मग तिला मोठ्ठा आ करायला सांगा, हेल्मेट डोक्यावर खाली ओढलं गेलं पाहिजे. हातानं हलवलं की कपाळाची कातडीही हलली पाहिजे. नुसतं हेल्मेटच फिरलं तर ते सैल आहे.

पुण्याला जाणं होणार असेल तर डेकॅथलॉनमध्ये डोक्यावर चढवून बघता येतं. ऑनलाइन मागवणार असाल तर आधी माप, मग रंग.

पूर्वभागकर
राग मानू नका, पण मनातलं विचारतो. आमचं अख्खं लहानपण अशोक चौक, कन्ना चौकात भाड्याच्या सायकलींवर गेलं. तासाच्या बोलीनं आणायची आणि दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायचं. गुडघे फुटले, कोपरं फुटली, पण हेल्मेट कुणी पाहिलं नव्हतं. खरंच एवढा फरक पडतो का?

नाइटड्यूटी
काका, तुमचा प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट उत्तर देते. मी अपघात विभागात नर्स आहे. २०१६ साली ऑस्ट्रेलियातल्या ऑलिव्हिए आणि क्रायटन या संशोधकांनी ४० अभ्यास एकत्र तपासले, ६४ हजारांहून जास्त जखमी सायकलस्वारांचे. हेल्मेट असलेल्यांमध्ये डोक्याला गंभीर मार लागण्याचं प्रमाण जवळजवळ ७० टक्क्यांनी कमी निघालं. मानेला मार वाढतो असंही दिसलं नाही. तुमच्या वेळी रस्त्यावर गाड्या कमी होत्या, हे खरंच. पण दगड तेव्हाही तेवढाच कठीण होता, आणि ज्यांना डोक्याला मार लागला ते आज इथं लिहायला नाहीत.

आता ताईंसाठी. हेल्मेटच्या पलीकडच्या दोन गोष्टी आम्हाला फार दिसतात.

एक, हँडल पोटात घुसणं. मूल पडताना पुढचं चाक आडवं फिरतं आणि हँडलचं टोक सरळ पोटात जातं. वरून फक्त गोल लालसर वण दिसतो, पण आत प्लीहा, यकृत किंवा स्वादुपिंडाला मार असू शकतो. पोर थोडं रडून खेळायला जातं, घरचे हळद लावतात, आणि रात्री पोट दुखायला लागतं. असा गोल वण दिसला आणि पोट दुखतंय, उलटी होतेय, चेहरा पांढरा पडलाय असं काही असेल, तर थांबू नका, तडक दाखवा.

दुसरं, चाकात पाय. मागं कॅरिअरवर धाकटं भावंड बसवतात, त्याचा पाय आऱ्यांत जातो. टाचेची कातडी अशी सोलून निघते की भरायला महिने लागतात. सहा वर्षांच्या पोरीनं मागं कुणालाही बसवायचं नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून ठेवा.

डोक्यावर पडल्यावर परत परत उलटी, उठवूनही उठत नाही अशी गुंगी, बोलण्यात गोंधळ, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, नाका-कानातून रक्त किंवा पाण्यासारखा स्राव, यातलं एकही असेल तर घरी वाट बघू नका. १०८ ला फोन करा. हेल्मेट घातलेलं होतं म्हणून दुर्लक्ष करू नका.

आसऱ्याचा_मिस्त्री
हँडलचं बोलल्या ते लई महत्त्वाचं हाय. माझ्याकडं येणाऱ्या पोरांच्या निम्म्या सायकलींची ग्रिप टोकाला फाटून नळी उघडी पडलेली असती. ती नळी बिस्किटाच्या साच्यागत गोल कापती. ग्रिप काय महाग नसती. फाटली की त्याच दिवशी बदला.

आणि ताई, सायकल किती इंची घेतली? सहा वर्षाच्या पोरीला उंचीप्रमाणं १६ इंची बसती. लोक "पुढं कामाला यील" म्हणून २० इंची नेत्यात, मग पोरगी सीटवर बसली की पाय अधांतरी. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकलेच पाहिजेत. ब्रेकचं लिव्हर तिच्या बोटात येतंय का बघा. बऱ्याच लहान सायकलींचं लिव्हर मोठ्या माणसाच्या हाताचं असतंय. लिव्हरजवळ बारका स्क्रू असतो, तो आवळला की लिव्हर आत येतंय. कुठल्याबी मिस्त्रीकडं पाच मिनिटाचं काम हाय.

सईची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार. सासूबाईंना नाइटड्यूटीताईंचा प्रतिसाद वाचून दाखवला, आता त्याच हेल्मेटच्या मागं लागल्यात. सायकल १६ इंचीच आहे, पण डाव्या बाजूची ग्रिप आत्ताच सैल आहे, उद्याच नेते. सईचं माप ५१ भरलं.

अजून दोन शंका. उन्हाचं काय? आणि धाकटा अडीच वर्षांचा आहे, स्कूटरवर आमच्यासोबत असतो. त्यालाही हेच चालेल का?

दोन_लेकरांचा_बाप
ऊन : एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या पुढं जातो, तेव्हा दुपारी सायकल नकोच, हेल्मेट असो वा नसो. सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर. भरपूर भोकांचं हेल्मेट घ्या. आतल्या गाद्या निघतात, त्या आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात धुवा, नाहीतर घामाचा वास येतो आणि मुलं घालायला कुरकुरतात. उंच पोनी बांधली की हेल्मेट बसत नाही, मानेपाशी सैल वेणी घाला. आणि उन्हात उभ्या गाडीत हेल्मेट ठेवू नका, त्या उष्णतेनं आतला थर खराब होतो.

सवयीचं म्हणाल तर आमच्याकडं एकच नियम चालला : हेल्मेट सायकलच्या हँडललाच अडकवायचं. शोधायला जावं लागलं की मुलं विसरतात. "आज आतच फिरतेय" ही सूट देऊ नका. फरशीच्या उतारावर आणि गेटच्या उंबऱ्यावरच जास्त पडतात. आणि सोसायटीतल्या आणखी दोन-तीन आयांना तयार करा. एकटीच्या डोक्यावर असलं की पोरी चिडवतात, सगळ्यांच्या असलं की विषय संपतो.

झोपाळ्यावर, घसरगुंडीवर जाताना मात्र हेल्मेट काढायलाच लावा. पट्टा अडकला तर गळा आवळला जातो. त्यासाठीच लहान मुलांच्या ईएन १०८० हेल्मेटचा पट्टा जोराचा ताण आला की आपोआप सुटतो.

पहाटेचा_सायकलवाला
धाकट्याबद्दल. सायकल चालवताना हेल्मेटची सक्ती आपल्या कायद्यात नाही, मोटार वाहन कायद्याचं कलम १२९ मोटारसायकलपुरतं आहे. पण चार वर्षांखालच्या मुलाला दुचाकीवर नेण्यासाठी केंद्राचा वेगळा नियम २०२२ साली आला आणि १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. चालवणाऱ्याला जोडणारा सुरक्षा पट्टा, नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत मुलाला मापाचं हेल्मेट, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत. त्यात मानकाचं सायकल हेल्मेट चालतं. म्हणजे धाकट्याला हेच चालेल, पण सईचं नाही, त्याच्या स्वतःच्या मापाचं. पुढं पाय ठेवायच्या जागेत उभं करून नेऊ नका. अचानक ब्रेक लागला की तोंड सरळ हँडलवर.

आणि एकदा जोरात आपटलं की हेल्मेट बदलायचं, वरून अभंग दिसलं तरी. चिरडलेला थर परत फुगत नाही.

सईची_आई
दोघांचीही मागवते. सईला गडद निळं हवंय, मी म्हणते पिवळं. फरक पडतो का?

आसऱ्याचा_मिस्त्री
पिवळंच घ्या. उसाचा हंगाम लागला की सायंकाळी ट्रॅक्टर-ट्रॉल्या हिकडूनच जात्यात. निळ्यावर रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवून मिळंल, पण पिवळं लांबूनच दिसतंय. मागच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर नसला तर ग्रिप बदलायला आलात की तोबी बसवून घ्या.