५२ आठवडे, ५२ अक्षरं: बोरूचा उपक्रम सातव्या आठवड्यात अडकलाय

शाईचा_डाग
माझा सुलेखनाचा उपक्रम साधा आहे. दर आठवड्याला एक अक्षर, ए-३ कागदावर एकच, मधोमध. शासनाच्या वर्णमालेप्रमाणे ५२ वर्ण धरलेत: १४ स्वर, २ स्वरादी (अं, अः), ३४ व्यंजनं आणि क्ष, ज्ञ. गिऱ्हाईक नाही, मुदत नाही. अ ते ऊ झाले, आता ऋ.

सामान: ८ मि.मी. टोकाचा बांबूचा बोरू (तासून केलेली लेखणी), २०० जीएसएमचा हातकागद, घरी खललेली काजळीची शाई.

अडचणी अशा:
१. काठ फुटतो. दंडाच्या, म्हणजे अक्षराच्या उभ्या रेघेच्या, दोन्ही बाजूंना शाईचे बारीक केस निघतात. त्याच कागदाच्या काही तावांवर मात्र काहीच होत नाही.
२. सहा ताव शेजारी लावले की सहा वेगवेगळ्या हातांचे वाटतात. जाडी-बारकी कुठेच जुळत नाही.
३. ८ मि.मी. टोकाचं अक्षर ए-३ वर अगदी किरटं दिसतं.
४. रविवारी मागचं अक्षर पुन्हा करावंसं वाटतं आणि पुढचं राहून जातं.

---

दौत_टाक
दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण बहुतेक घोळ बोरूच्या कापात असतो. रोमन लिपीसाठी टोक ज्या बाजूला कलतं, देवनागरीला त्याच्या उलट लागतं. तपासायला एक अधिक (+) आणि एक फुली (×) काढा. अधिकातल्या उभ्या-आडव्या रेघा सारख्या जाडीच्या आल्या तर कोन ४५ अंशांच्या आसपास आहे. फुलीत वरून डावीकडून खाली उजवीकडे जाणारी रेघ बारीक आणि दुसरी जाड यायला हवी. उलटं आलं तर तुम्ही रोमन काप घेऊन देवनागरी लिहिताय. मग हात प्रत्येक अक्षराला मनगट वेगळं वळवून वेळ मारून नेतो आणि म्हणून सहा हात दिसतात.

काप असा: बोरूचं टोक तुमच्यापासून दूर, सालीची बाजू वर. खालच्या बाजूने ३ सें.मी. लांबीचा खोलगट उतार काढा आणि आतला मऊ गर पूर्ण खरवडा. गर राहिला की तो शाई पितो आणि मग एकदम ओकतो. मधोमध १ ते दीड सें.मी. चीर द्या. आता काचेवर किंवा गुळगुळीत टाइलवर टोक टेकवून एका दाबात तिरपा काप: डावा कोपरा लांब, उजवा आखूड. सुरी पुढे-मागे करवतीसारखी चालवली तर टोकाला दाते पडतात आणि तुमच्या ‘केसां’तले निम्मे तिथूनच येतात. शेवटी ८०० नंबरच्या पॉलिश पेपरवर दोन-तीन हलके हात, बस्स. जास्त घासलंत तर टोक गोल होऊन बारीक रेघ मेली.

लिहिताना बोरूचा दांडा छातीकडे ठेवा, उजव्या खांद्याकडे झुकू देऊ नका. झुकला की कोन बदलला. दर तावाच्या आधी रद्दी कागदावर अधिक आणि फुली काढा. ३० सेकंदांचं काम आहे.

---

खलबत्ता
काही ताव फुटतात, काही नाही, याचा अर्थ कागदाला खळ (शाई पसरू न देणारा लेप) सारखी लागलेली नाही. कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब टाका. १५-२० सेकंद मण्यासारखा उभा राहिला तर लिहा. लगेच पसरून डाग पडला तर तो ताव कच्चा. दोन्ही बाजू तपासा, बऱ्याचदा एकच बाजू पक्की असते. हेच काम गठ्ठा घरी आणल्याच्या दिवशी करा आणि पक्क्या बाजूला पेन्सिलने खूण ठेवा.

कच्चे ताव फेकू नका. लिटरभर पाण्यात २० ते २५ ग्रॅम जिलेटिन थंड पाण्यात अर्धा तास भिजवा, मग बोट सोसेल इतपत गरम करून विरघळवा. उकळलंत तर त्याची ताकद जाते. रुंद ब्रशने आडवा हात, वाळल्यावर उभा हात. जिलेटिन चालत नसेल तर गव्हाच्या सत्त्वाची पातळ कांजी लावा, पण तिला कसर लागते, ताव उघडे ठेवू नका. तुरटी घालायचा सल्ला बरेच जण देतात. ती आम्लधर्मी आहे, कागद काही वर्षांनी पिवळा पडून ठिसूळ होतो. ५२ ताव टिकवायचे असतील तर नकोच. आणि हे सगळं पावसाळ्यात करू नका, बुरशी येते.

वाळल्यावर ताव घोटा. जुन्या पोथ्यांचा कागद असाच कांजी लावून गुळगुळीत दगडाने घोटलेला असे. अकीक असेल तर उत्तम, नसेल तर मोठी कवडी किंवा काचेच्या बाटलीचं बूड चालतं. तावाखाली कडक पाट, वर गोल-गोल हात, ए-३ ला १० मिनिटं. घोटलेल्या कागदावर बोरू घसरतो, पहिल्या दिवशी त्रास होईल.

आता शाई. जुना पोथी लिहिण्याचा हिशोब काजळीच्या दुप्पट डिंकाचा आहे आणि तो अजून चुकीचा ठरलेला नाही. १० ग्रॅम काजळी, २० ग्रॅम बाभळीचा डिंक, सुमारे १०० मि.ली. पाणी. डिंक रात्रभर भिजवून मलमलीतून गाळा. काजळी पाण्यावर तरंगते, म्हणून आधी थोड्याच घट्ट डिंकात ती कणकेसारखी मळा आणि मग थोडं थोडं पाणी घालत खला. तासाभरात आटोपलंत तर शाई चरचरीत राहते आणि कण काठाबाहेर पळतात. टिकायला दोन लवंगा. दुसऱ्या दिवशी रेघेवरून बोट फिरवा: बोट काळं झालं तर डिंक कमी, रेघ चकाकून तडकली तर जास्त.

---

वेलांटी_पहिली
वरचं सगळं मान्य, पण उपक्रम अडकला तो क्रमामुळे. अ-आ, इ-ई, उ-ऊ म्हणजे सहा आठवड्यांत मुळात तीनच आकार झाले. आणि सातव्याला ऋ, ज्याची गाठ-लपेट बाकी कुठे फारशी उपयोगी पडत नाही. वर्णमालेचा क्रम उच्चाराचा आहे, हाताचा नाही.

आकाराच्या घराण्यांनी जा. ग, न, म, भ यांत गाठ आणि उजवा दंड. व, ब, क हा एक गोल पोट धरून चालणारा गट, क ला दंड मधोमध आणि पुढे शेपूट. प, ष, फ. मग घ, ध. बिनदंडाचे ट, ठ, ढ, द एकत्र. र आणि स लागोपाठ, म्हणजे र चा पाय दोनदा घोटला जातो. स्वर सगळ्यात शेवटी, तोवर हात बसलेला असतो. मांडताना पुन्हा अ ते ज्ञ लावा.

ल आणि श ला हात घालण्याआधी ठरवा: पाकळ्यांचा ल आणि देठाचा श, की हिंदी वळणाचे? अ, झ, ण यांनाही दोन वळणं आहेत. मराठी उपक्रमात मराठी वळण असावं असं माझं मत, पण कोणतंही घ्या, ५२ तावांत एकच ठेवा. आता भरभर हाताला येतं ते वळण बहुधा संगणकाच्या फॉन्टचं असतं, हे लक्षात असू द्या.

रविवारच्या पुनर्लेखनाचं: ‘सराव’ आणि ‘ताव’ असे दोन ढीग करा. सोमवार ते शुक्रवार रद्दीवर सराव, शनिवारी तीनच ताव, त्यातला एक निवडायचा आणि मागे तारीख, टोकाची रुंदी, शाईचा घाणा लिहून बंद करायचा. बाकी दोन फाडू नका. चौथा ताव काढायचा नाही. गिऱ्हाइकाच्या कामात चौथा ताव गिऱ्हाईक मागतो. इथे तो तुमची धाकधूक मागते आणि तिला थांबवणारं दुसरं कुणी नाही. वर्ष संपल्यावर हवे तर पाच ताव बदला, आकडा आजच ठरवा.

---

शाईचा_डाग
फुली उलटी आली! रोमन कापच होता. अ ते ऊ पुन्हा करावे लागतील का?

आणि ए-३ वर मोठं अक्षर कशाने? शिरोरेषा आधी की नंतर?

---

दौत_टाक
आत्ता नको. स्वर शेवटी येणारच आहेत, तेव्हा करा. जुने सहा जपून ठेवा.

ए-३ म्हणजे २९७ × ४२० मि.मी. शिरोरेषेपासून दंडाच्या तळापर्यंत टोकाच्या रुंदीच्या ६ ते ७ पट धरली तर ८ मि.मी.ला ४८ ते ५६ मि.मी. उंची मिळते, म्हणून किरटं. २५ मि.मी. टोक घ्या, १५० ते १७५ मि.मी. होतील आणि वेलांटी-मात्रेला वर, उकाराला खाली जागा उरेल. इतका जाड बोरू सहसा मिळत नाही. दोन चपट्या लाकडी पट्ट्यांमध्ये ३ मि.मी. जाड फेल्ट, २ मि.मी. बाहेर काढून, रबरबँडने आवळा. टोक ब्लेडने सरळ कापा. जाड २५, बारीक ३, हे प्रमाण छान दिसतं. चपटा ब्रश घेतलात तर केस वळणावर दुमडून कोन हरवतो. फेल्ट शाई फार पितं, बशीत ओतून घ्या.

---

खलबत्ता
फेल्टला शाई थोडी घट्ट ठेवा, पाणी ८० मि.ली.

शिरोरेषेबद्दल: मोडीत ती आधी पूर्ण ओळभर ओढून मग अक्षरं लिहीत. बालबोधात (म्हणजे देवनागरीत) एकटं अक्षर असेल तर आधी ओढा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या दंडावरून ओल्या टोकाने गेलं की सांध्यात शाई साचते आणि वाळताना कडेला काळी किनार धरते. घोटलेल्या कागदावर ती हमखास दिसते, कारण शाई आत जिरायला जागाच नसते. ताव सपाट ठेवून वाळवा, भिंतीला टेकवून नाही.