बाबांचे ठोके ९५ च्या वर जात नाहीत, चालण्याचा वेग वाढवावा का?

लालबागची लेक: बाबा ६२ वर्षांचे. अलीकडेच अँजिओप्लास्टी झाली, मेटोप्रोलॉल चालू आहे. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय म्हणून सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारतात. नेटवर त्यांनी वाचलं की २२० वजा वय, त्याचे ७० टक्के, म्हणजे ११० ठोके व्हायला हवेत. यांचे ९५ च्या पुढे जात नाहीत, म्हणून आता जवळजवळ पळायला लागलेत. मला भीती वाटते.

कट्ट्यावरचे काका: ताई, पळणं आजच बंद करायला सांगा. मेटोप्रोलॉल म्हणजे बीटा ब्लॉकर, ठोके आवरून धरणं हेच त्याचं काम. त्यावर ते २२० चं गणित चालत नाही. माझ्या बायपासनंतर रिहॅबच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी ट्रेडमिलसमोर बोर्ग स्केलचा तक्ता लावला होता, म्हणजे किती श्रम जाणवतात ते आकड्यात सांगायचं, ६ ते २०. मध्येच विचारायच्या, "काका, आकडा?" मला ११ ते १३ मध्ये राहायला सांगितलं होतं. दम जाणवतो, पण पूर्ण वाक्य बोलता येतं. त्यांच्यासोबत चाला आणि गप्पा मारा; शब्द तुटायला लागले की वेग कमी.

आणि फेरी संपली की लगेच कट्ट्यावर टेकू देऊ नका! एकदम थांबलं की रक्त पायांत साचतं, बीपी उतरतं, घेरी येते. सुरुवातीची नि शेवटची दहा मिनिटं संथच चालायचं. हे लोक हमखास टाळतात, म्हणून जीव तोडून सांगतोय.

मुलुंडची फिजिओ: काका बरोबर सांगताहेत. भर एवढीच: डॉक्टरांना स्ट्रेस टेस्टबद्दल (ट्रेडमिलवर चालवून हृदयाची तपासणी) विचारा. ती रोजची औषधं चालू ठेवून झाली, तर बाबांसाठी ठोक्यांची खरी मर्यादा कळते. ठोके वाढावेत म्हणून गोळी मनाने सोडू नका, अचानक सोडणं धोक्याचं असतं.

लालबागची लेक: दोघांचे मनापासून आभार. दादरचा रेल्वे पूल चढले तर चालेल का?

कट्ट्यावरचे काका: डॉक्टरांनी जिने चढायला हो म्हटलं असेल तर सावकाश, कठडा धरून, गर्दीची वेळ टाळून. मागून लोंढा आला की माणूस नकळत घाई करतो. छातीत दाबल्यासारखं झालं तर तिथेच बसायचं. डॉक्टरांनी सॉर्बिट्रेट (छातीत दुखल्यावर घ्यायची गोळी) दिली असेल तर ती जिभेखाली. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर १०८ लावा. गोळी खिशात हवी, घरच्या कपाटात नको.