मदत हवी आहे: सहा डॉलरच्या कॉफीवर ३५ डॉलर ओव्हरड्राफ्ट फी

नवखी_डॅलसकर

नमस्कार मंडळी. एमएससाठी डॅलसजवळ राहते, येऊन अजून वर्ष व्हायचंय. गूगल करकरून डोकं पिकलं, म्हणून इथे विचारतेय.

झालं असं की माझ्या चेकिंग (रोजच्या व्यवहाराच्या) खात्यात ॲपवर १,०६० डॉलर दिसत होते. त्यातला ४५० चा चेक मी आदल्याच दिवशी फोनवरून फोटो काढून भरला होता (जुन्या अपार्टमेंटचं डिपॉझिट परत आलं, ते). घरमालक भाडं चेकनेच घेतो आणि तो चेक मनात येईल तेव्हा बँकेत टाकतो. या वेळी ६९० चा चेक नेमका शुक्रवारी वटला. त्याच रात्री फोनच्या बिलाचे २५ ऑटोपेने गेले आणि गुरुवारी कॅम्पसवर कार्ड स्वाइप करून घेतलेल्या कॉफीचे ६ सुद्धा. शनिवारी सकाळी बघते तर खातं २१६ डॉलर मायनस! खाली एकाखाली एक तीन ओळी: ओव्हरड्राफ्ट फी ३५, ओव्हरड्राफ्ट फी ३५, ओव्हरड्राफ्ट फी ३५. म्हणजे खात्यात कमी पडलेले पैसे बँकेने स्वतः घातले, त्याचा दंड.

१०५ डॉलर म्हणजे नऊ हजार रुपयांच्या आसपास. कॅम्पसवर आठवड्याला वीस तासांच्या वर काम करता येत नाही, त्यातले किती तास यातच गेले याचा हिशेब मी मुद्दामच केलेला नाही.

पैसे परत मिळतात का? क्रेडिट स्कोअरला धक्का बसेल का? बाबांना फोनवर सांगितलं तर ते थेट कलम १३८ वर गेले, चेक बाउन्सची केस होते म्हणाले, आणि आता व्हिसाचं काय होईल म्हणून आईची झोप उडाली आहे. शिवाय रूममेट म्हणते की आता पाच डॉलरच्या वर ही फी घेताच येत नाही. खरं काय?

साधासरळ

खात्यात पैसे असतील तेवढाच खर्च करावा. सोपं आहे.

नवखी_डॅलसकर

@साधासरळ, १,०६० दिसत होते आणि खर्च ७२१ होता. वजाबाकी येते मला.

हिशेबनीस

आधी आईंना सांगा, शांत झोपा. तुमचा चेक परत गेलेलाच नाही. बँकेने स्वतःचे पैसे घालून तो वटवला आणि त्याचे ३५ लावले. घरमालकाला भाडं मिळालं. १३८ हे भारताच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातलं कलम, त्याचा इथे काही संबंध नाही आणि व्हिसाचा तर नाहीच नाही. क्रेडिट रिपोर्टमध्येही हे जात नाही. मात्र खातं बरेच दिवस मायनस ठेवलं, बँकेने ते बंद करून वसुलीला दिलं, तर मग तिथे दिसतं. शिवाय चेकसिस्टम्स नावाची एक नोंद असते, तिच्यात अशी बंद केलेली खाती पाच वर्षं राहतात आणि दुसरी बँक खातं उघडताना ती बघते. तेव्हा आधी खातं प्लसमध्ये आणा.

आता मुख्य मुद्दा. ॲपवर दोन आकडे असतात. एक खात्यातली एकूण रक्कम आणि दुसरा अव्हेलेबल बॅलन्स. फोटो काढून भरलेला चेक बहुतेक वेळा होल्डवर असतो, म्हणजे रक्कम दिसते पण वापरता येत नाही; त्याला बँका आपापले नियम लावतात. तुमचे वापरण्याजोगे पैसे होते १,०६० वजा ४५०, म्हणजे ६१०. त्यातून ६९० गेले की खातं ८० ने मायनस. त्या चेकवर फी, आणि त्यानंतर जे जे आलं, त्यावरही.

पण या तीन फिया कायद्याने सारख्या नाहीत. चेकवर आणि खात्यातून थेट जाणाऱ्या ऑटोपेवर बँक तुम्हाला न विचारताही फी लावू शकते. डेबिट कार्डाने केलेला एकवेळचा खर्च आणि एटीएममधून काढलेले पैसे मात्र वेगळे. २०१० पासून रेग्युलेशन ई या अमेरिकी सरकारी नियमानुसार तुम्ही आधी स्पष्ट होकार दिला असेल तरच बँकेला त्यावर ओव्हरड्राफ्ट फी घेता येते. होकार नसेल तर एक तर कार्ड नाकारलं जाईल, नाहीतर बँकेला फी न घेता व्यवहार होऊ द्यावा लागेल. तेव्हा कॉफीवरची फी सगळ्यात आधी धरा. ॲपच्या सेटिंगमध्ये डेबिट कार्ड कव्हरेज असं काहीतरी असेल (म्हणजे हाच होकार), ते चालू आहे का बघा.

एडिसनचा_आप्पा

बेटा, फोन कर. ईमेल-चॅट नंतर. शनिवार-रविवारी नको, सोमवारी सकाळी. सरळ म्हण, मी विद्यार्थी आहे, हे पहिल्यांदाच झालंय, वन टाइम कर्टसी रिफंड द्या, म्हणजे या वेळेपुरती सवलत म्हणून फी परत करा. हे शब्द त्यांना बरोब्बर कळतात. पहिला माणूस नाही म्हणाला तर गोड बोलून सुपरवायझर माग. आवाज चढवायचा नाही, फोनही ठेवायचा नाही. माझ्या भाचीला असंच करून मिळालं होतं.

आम्ही इथे आलो तेव्हा याहून वाईट होतं. काही बँका दिवसभरातला सगळ्यात मोठा व्यवहार आधी वळता करायच्या, म्हणजे खातं लगेच रिकामं होऊन मागच्या प्रत्येक किरकोळ खर्चावर वेगळी फी. त्यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. बँक ऑफ अमेरिकाने २०११ मध्ये ४१० मिलियनवर तडजोड केली होती.

चकलीखाऊ

पाच डॉलरचं तुझी रूममेट अर्धवट सांगतेय. कन्झ्युमर फायनान्शियल प्रोटेक्शन ब्युरोने (बँक ग्राहकांच्या हिताचं इथलं सरकारी खातं) डिसेंबर २०२४ मध्ये तसा नियम केला होता. दहा बिलियनच्या वर मालमत्ता असलेल्या बँकांसाठी, लागू होणार होता १ ऑक्टोबर २०२५ पासून. त्याआधीच काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, तो रद्द केला आणि मे २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांची सही झाली. म्हणजे नियम जन्मायच्या आधीच गेला. बातमी मात्र व्हॉट्सॲपवर अजून फिरतेय.

माझं मत विचारशील तर बँकच बदल. कॅपिटल वन आणि सिटी यांनी २०२२ मध्ये ही फी बंदच केली. बँक ऑफ अमेरिकाने त्याच वर्षी ३५ ची १० केली. चेसमध्ये दिवसाअखेर ५० डॉलरपर्यंत मायनस असेल तर फी लागत नाही. ३५ उकळणाऱ्या बँकेत राहण्यासारखं आहे काय?

नवखी_डॅलसकर

@हिशेबनीस, बघितलं. कव्हरेज "चालू" आहे!! मी कधी केलं ते आठवत नाही. ओरिएंटेशनला विद्यापीठाच्या हॉलमध्ये बँकेचं टेबल होतं. तिथल्या माणसानेच टॅबलेटवर फॉर्म भरला, मी बोटाने सही केली, एक टी-शर्ट मिळाला. टी-शर्ट ३५ डॉलरला पडला म्हणायचा.

आणि एक. कॉफी गुरुवारची आहे, तेव्हा खात्यात पुरेसे पैसे होते. मग फी कशी?

हिशेबनीस

स्वाइप केल्यावर बँक रक्कम नुसती बाजूला धरते, खरी वजा होते एकदोन दिवसांनी. मधल्या काळात चेक आला आणि पैसे संपले. होकार नोंदवलेला असला की काही बँका अशा वेळी फी लावतात. पण तुमच्या बाजूने बोलायला हा भक्कम मुद्दा आहे, फोनवर हाच सांगा: खर्च केला तेव्हा पैसे होते.

दुसरं, तुम्ही होकार दिल्यावर बँकेने तुम्हाला त्याची लेखी पोच द्यायला हवी, आणि होकार कधीही मागे घेता येतो हे त्यात लिहिलेलं असायला हवं. ती पोच मागा. सापडली नाही तर त्यांचीच पंचाईत. कव्हरेज आजच बंद करा आणि स्क्रीनशॉट ठेवा.

मात्र सगळंच बंद करू नका. चेक आणि ऑटोपेचंही कव्हरेज काही बँका सांगितल्यावर काढतात. ते काढलं तर फी वाचेल, पण भाड्याचा चेक परत जाईल. मग घरमालक परत आलेल्या चेकचा दंड लावणार, वर भाडं उशिरा दिल्याचा दंड. त्यापेक्षा त्याच बँकेत सेव्हिंग खातं उघडून ते चेकिंगला जोडा. कमी पडतील तेवढे पैसे तिथून येतात, आणि बऱ्याच मोठ्या बँका त्यासाठी आता काही घेत नाहीत. तुमच्या बँकेत विचारून घ्या. दोनतीनशे तिथे पडून राहू देत. आणि चेक लिहिला की तेवढी रक्कम मनातून वजा, मग घरमालक तो महिनाभर खिशात ठेवून फिरला तरी चालेल.

चकलीखाऊ

आणि बँक बदलायचीच नसेल तर त्याच बँकेत "बँक ऑन" प्रमाणपत्र असलेलं खातं आहे का विचार. त्यात ओव्हरड्राफ्ट फी नसतेच, महिन्याला पाच डॉलर किंवा त्याहून कमी लागतात आणि विद्यार्थी किंवा लहान वयाच्या लोकांना अनेकदा तेही माफ. तोटा एवढाच की बहुतेक ठिकाणी कागदी चेकबुक मिळत नाही. तुझा घरमालक चेकवाला, म्हणजे कॅशियर्स चेक (बँक स्वतः काढून देते तो) किंवा मनीऑर्डर करायला लागेल.

नवखी_डॅलसकर

अपडेट: सोमवारी फोन केला. पहिल्या बाईंनी "धोरणात बसत नाही" म्हणून सांगितलं. आप्पा, तुमचं ऐकून फोन ठेवला नाही. सुपरवायझर आला. त्याला कॉफीच्या वेळचा बॅलन्स सांगितला आणि होकाराची लेखी पोच मागितली. होल्डवर ठेवून परत आला आणि कॉफी व फोन बिलाचे मिळून ७० परत देतो म्हणाला. भाड्यावरचे ३५ मिळणार नाहीत. ४५० चा चेकही मोकळा झाला, खातं प्लसमध्ये आहे. कार्डाचं कव्हरेज बंद केलं, सेव्हिंग जोडलं, सध्या त्यात शंभरच आहेत.

पोच मात्र अजून आलेली नाही. तिच्यासाठी भांडत बसू का? आणि फोनचं ऑटोपे पगाराच्या नंतर ढकलायचंय, ते बँकेला सांगायचं की फोन कंपनीला?

हिशेबनीस

छान झालं. पोचेसाठी ॲपमधून लेखी मेसेज टाका, म्हणजे तारीख राहते. उत्तरच आलं नाही तर कन्झ्युमर ब्युरोच्या साइटवर तक्रार फुकट करता येते, भाड्यावरचे ३५ ही त्यातच लिहा. फार आशा ठेवू नका, पण लिहा.

ऑटोपेची तारीख फोन कंपनीकडे बदला. बँकेला थांबवायला सांगितलंत तर निदान तीन कामकाजाचे दिवस आधी सांगावं लागतं, आणि त्याची वेगळी फी असू शकते.