डाग दिसण्याआधी बुरशी ओळखणारा कॅमेरा: ड्रोन, थर्मल की मोबाईल अ‍ॅप? सल्ला हवा

शिवारवही:
नमस्कार मंडळी. आम्ही काही जण गटाने द्राक्ष आणि टोमॅटो करतो. डाउनी, भुरी आणि करपा हे पानांवरचे रोग पाठ सोडत नाहीत. क्षेत्र इतकं आहे की रोज प्रत्येक ओळ पायी पाहणं जमत नाही, आणि डाग नजरेला पडतो तोवर बुरशीने पानात बस्तान बसवलेलं असतं. म्हणून यंदा कॅमेऱ्यात पैसे घालायचा विचार चाललाय. समोर तीन पर्याय आहेत: मल्टिस्पेक्ट्रल (डोळ्यांना न दिसणारा प्रकाशही वेगवेगळ्या पट्ट्यांत टिपणाऱ्या) कॅमेऱ्याचा ड्रोन, हातात धरायचा थर्मल (तापमान दाखवणारा) कॅमेरा आणि फोटोवरून रोग सांगणारं मोबाईल अ‍ॅप. ड्रोनसेवा देणारे म्हणतात, रोग डोळ्यांना दिसण्याच्या आठवडाभर आधी नकाशावर लाल ठिपका येईल. हे कितपत धरून चालावं? वापरलेल्यांनी जरा सविस्तर लिहा.

पर्णरंध्र:
वनस्पतिरोगांवर काम करते, म्हणून मोठं उत्तर देते.

आधी दिवसांचा हिशेब मांडा. बीजाणू पानावर रुजल्यापासून त्याच पानावर नवे बीजाणू तयार होईपर्यंतचा काळ रोगागणिक बदलतो. टोमॅटोच्या उशिरा येणाऱ्या करप्यात हवा मानवली तर तो ३ ते ५ दिवसांचा असतो. गव्हावरच्या सेप्टोरिया करप्यात तोच २ ते ४ आठवडे. आता तुमचा ड्रोन आठवड्यातून एकदा उडणार, फोटो जोडून नकाशा हातात यायला आणखी वेळ जाणार. गव्हावर हे जमू शकतं. टोमॅटोवर मात्र दोन उड्डाणांच्या मधेच करप्याची एक पिढी उरकलेली असेल. त्यामुळे 'आठवडाभर आधी' हे वाक्य कोणत्या रोगाबद्दल आहे, हे त्यांना पहिल्यांदा विचारा.

दुसरं, कॅमेऱ्याला बुरशी दिसत नाही, पानावर झालेला परिणाम दिसतो. निरोगी पानातलं हरितद्रव्य लाल प्रकाश शोषून घेतं आणि आतल्या पेशींची रचना निअर-इन्फ्रारेड, म्हणजे लालच्या पलीकडचा डोळ्यांना न दिसणारा, प्रकाश परत फेकते. या दोन परावर्तनांची वजाबाकी भागिले बेरीज म्हणजे एनडीव्हीआय. हा आकडा पडतो तो हरितद्रव्य कमी झाल्यावर किंवा पेशी ढासळल्यावर, म्हणजे नुकसान सुरू झाल्यावर. दाट पानोऱ्यात तर तो वर जाऊन अडकतो आणि लहान बदल त्यात उमटतच नाहीत. म्हणून निदान रेड-एज पट्टा, म्हणजे लाल आणि निअर-इन्फ्रारेडच्या मधला, साधारण ७०० ते ७५० नॅनोमीटरचा, असलेलाच कॅमेरा मागा.

आणि नत्र कमी पडलं, पाण्याचा ताण बसला, मुळं कुजली, तरी नकाशा तसाच लाल होतो. औषध निवडताना हे फार महागात पडतं. डाउनी आणि उशिरा येणारा करपा ज्यांच्यामुळे होतात ते जीव खऱ्या बुरशीत मोडत नाहीत, ते ऊमायसीट या बुरशीसारख्या दिसणाऱ्या पण वेगळ्या गटातले. भुरीवर चालणारी गंधक किंवा ट्रायझोल गटातली औषधं त्यांच्यावर काम करत नाहीत. रोगाचं नाव न कळता फवारणी झाली तर औषध वाया आणि रोग तिथेच.

द्राक्षाबद्दल खास: डाउनीची पांढरी वाढ पानाच्या खालच्या बाजूला येते, ड्रोन वरून पाहतो. आतल्या, सावलीतल्या पानांवर सुरुवात झाली तर वरून चित्र हिरवंगारच दिसेल.

हिरवीओळ:
पण हायपरस्पेक्ट्रल कॅमेऱ्याने, म्हणजे प्रकाशाचे खूप सारे बारीक पट्टे टिपणाऱ्या कॅमेऱ्याने, लक्षणं दिसण्याआधी रोग ओळखल्याचं वाचलंय. मग ते खोटं का?

पर्णरंध्र:
खोटं नाही. शुगरबीटवरचे सर्कोस्पोरा बुरशीचे ठिपके, तांबेरा आणि भुरी यांवर प्रयोगशाळेत असं चांगलं काम झालं आहे. तिथे प्रकाश ठरलेला असतो, पान कॅमेऱ्यासमोर स्थिर असतं आणि कोणत्या पानावर कोणता रोग सोडला ते आधीच माहीत असतं. शेतात ढग सरकतो, वाऱ्याने पान उलटतं, सूर्याचा कोन बदलतो. तिथून इथवरचं अंतर कापायला अजून मेहनत आहे. ते काम पुढे जावं असं मनापासून वाटतं, पण तुमच्या यंदाच्या हंगामाचा निर्णय त्याच्या भरवशावर नको.

रानफेरी:
थर्मलबद्दल मी सांगतो, शेडनेटमध्ये काकडीवर वापरतोय. तत्त्व सोपं आहे. पान बाष्पोत्सर्जन करून स्वतःला थंड ठेवतं. रोगाने पर्णरंध्रांचं उघडझाप बिघडवलं किंवा तांबेऱ्यासारखी पानाची त्वचा फाडली, की पानाचं तापमान बदलतं. काकडीच्या डाउनीवरच्या प्रयोगांत डाग दिसण्याआधीच एका पानाच्या निरनिराळ्या भागांतल्या तापमानाचा फरक वाढलेला आढळला होता.

वापरताना मात्र पडद्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. हातातल्या बऱ्याच कॅमेऱ्यांची अचूकता ±२ अंशांची असते आणि रोगामुळे पडणारा फरक त्याहून लहान असू शकतो. एकाच फ्रेममधल्या शेजारच्या पानांची आपसात तुलना करा, ती विश्वासाची. वारा सुटला, ढग आला किंवा नुकतंच पाणी दिलं असेल तर कॅमेरा पिशवीतच ठेवा. बंदिस्त शेतीत याचा खरंच उपयोग होतो. मोकळ्या द्राक्षबागेसाठी मी घ्या म्हणणार नाही.

हिरवीओळ:
अ‍ॅपबद्दल एक माहिती. या क्षेत्रात गाजलेला प्लांटव्हिलेजचा फोटोसंच आहे, १४ पिकं, २६ रोग, ५४,३०६ फोटो. २०१६ च्या अभ्यासात त्यावर शिकवलेल्या मॉडेलने त्याच संचातले बाजूला ठेवलेले फोटो ९९.३५ टक्के बरोबर ओळखले. वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तेव्हा तेच प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास आलं. संचातली पानं तोडून एकसारख्या पार्श्वभूमीवर ठेवून टिपली होती. त्यानंतर मॉडेलं सुधारली आहेत, तरी कोणी ९९ टक्के म्हटलं की फोटो शेतातले होते का, हे विचारावंच. शिवाय अ‍ॅपला रोग ओळखायला फोटोत डाग दिसावा लागतो. डागाआधी ते काही सांगू शकणार नाही.

वजाबाकी:
अचूकतेचा अजून एक हिशेब सगळ्यांनी करून पाहावा. समजा १००० झाडांत २० रोगट आहेत. यंत्र रोगट झाडांपैकी ९५ टक्के पकडतं आणि निरोगी झाडांपैकी ९५ टक्क्यांना निरोगीच म्हणतं. म्हणजे १९ रोगट सापडली, पण ९८० निरोगींपैकी ४९ वर उगाच लाल खूण आली. एकूण ६८ खुणांत खऱ्या १९, जेमतेम २८ टक्के. हंगामाच्या सुरुवातीला रोग कमी असतो, म्हणजे नेमकं लवकर ओळखायला जाल तेव्हाच खोट्या खुणा जास्त निघणार. लाल खूण दिसली की फवारा, असा नियम केलात तर फवारण्या वाढतील.

शिवारवही:
डोळे उघडले. मग ड्रोन पूर्ण सोडून द्यावा का?

पर्णरंध्र:
सोडू नका, त्याचं काम बदला. कुठे जाऊन पाहायचं हे ड्रोन सांगू शकतो, आणि मोठ्या क्षेत्रात ही मदत छोटी नाही. नकाशात गोलसर चट्टा दिसून पुढच्या उड्डाणात तो पसरला, तर रोगाची शंका धरून तिथे आधी पोचा. ठिबकच्या नळीबरोबर सरळ पट्टा दिसला तर आधी पाणी तपासा.

करारापूर्वी एक चाचणी मागा. त्यांनी नकाशा द्यायचा, तुम्ही लाल खुणांच्या काही जागा आणि तितक्याच हिरव्या जागा निवडायच्या, आणि कोणती जागा कुठली हे ठाऊक नसलेल्या जाणत्या माणसाने त्या तपासायच्या. काही दिवसांनी त्याच जागा पुन्हा पाहायच्या. याला नकार आला तर उत्तर मिळालं समजा. उड्डाणाआधी आणि नंतर परावर्तन पट्टीचा (ठरलेल्या प्रमाणात प्रकाश परत फेकणाऱ्या पट्टीचा) फोटो घेतात का, हेही बघा. तो नसेल तर दोन दिवसांचे नकाशे एकमेकांशी ताडता येत नाहीत.

पण पहिला पैसा माझ्या मते पानओलाव्याचा सेन्सर, तापमापक आणि पर्जन्यमापक यांत घाला. द्राक्षाच्या डाउनीसाठी हंगामाच्या सुरुवातीचा जुना आडाखा आहे: फुटवे १० सेंटिमीटरचे झाले, तापमान १० अंशांच्या वर राहिलं आणि २४ तासांत १० मिलिमीटर पाऊस झाला, की पहिल्या लागणीची शक्यता धरायची. पान रंग बदलण्याच्या कितीतरी आधी हा इशारा हातात येतो. इतकं आधी कोणताच कॅमेरा सांगत नाही.

रानफेरी:
आणि संशयित पान ओल्या कागदासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून रात्रभर अंधारात, खोलीच्या तापमानाला ठेवा. डाउनी असेल तर सकाळी बहुधा खालच्या बाजूला पांढरी लव येते. १० ते २० पट मोठं दाखवणारं भिंग खिशात असू द्या.

शिवारवही:
मनापासून आभार. गटात बोललो. हवामानाचे सेन्सर लगेच घेतोय. ड्रोनवाल्यांना चाचणीची अट कळवली आहे, पहिल्यांदा टोमॅटोचा एकच प्लॉट देणार. थर्मल तूर्त नाही. पर्णरंध्रताई, पानओलाव्याचा सेन्सर वेलीत कुठे बांधायचा?

पर्णरंध्र:
पानोऱ्याच्या आत, जिथे दव सर्वात उशिरा सुकतं तिथे. थोडा तिरपा बांधा, म्हणजे त्यावर पाणी साचून राहणार नाही, आणि फवारणीनंतर पुसायला विसरू नका.