सुरीवरची नक्षी विकावी की नाही? ‘नवी वाट’ यांच्या पोस्टला उत्तर

ऐरण (हिंगणघाट तालुका):
‘नवी वाट’ यांनी काल या चर्चामंचावर लिहिले की गावाकडच्या मुलांच्या हातांतली कला नुसत्या छंदात सडते आहे, सुरीवर नक्षी कोरणाऱ्याने नोकरीचा नाद सोडावा, मोबाइलवर छायाचित्रे टाकावीत आणि महिन्याला तीस हजार रुपये मिळवावेत. हे लिहिणाऱ्याने कधी कोरणी हातात धरलेली दिसत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

मी दिवसा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर बसतो आणि रात्री नक्षी कोरतो. आमच्याकडचे लोहार गाडीच्या स्प्रिंगच्या पोलादी पाट्यापासून सुरी घडवतात. तिला एकदा पाणी दिले, म्हणजे लाल तापवून एकदम थंड करून कडक केले, की साधी कोरणी पात्यावरून घसरते, आणि कार्बाइडची (फार कठीण पण ठिसूळ टोकाची) लावली तर तिच्या टोकाचे टवके उडतात. म्हणून पात्यावरची नक्षी पाणी देण्यापूर्वीच कोरावी लागते, आणि नंतर पाणी देताना पाते वाकले किंवा तडकले तर सगळी मेहनत भंगारात जाते. मुठीलगतच्या पितळी पट्टीवर कोरणे सोपे, कारण पितळ मऊ असते. पण तेथेही कोरणी निसटली की ओरखडा काढण्यासाठी पूर्ण पट्टी पुन्हा घासावी लागते. बारीक वेलबुट्टीला १५ तास लागले आणि गिऱ्हाइकाने १५०० रुपये दिले, तर ताशी १०० रुपये पडले. त्यातून सुरीची किंमत, घासपेपर, कोरणीला धार लावण्याची हिऱ्याच्या कणांची पाटी आणि पार्सलचा खर्च वजा करून काय उरते, ते त्यांनी एकदा मांडून दाखवावे.

गावातले गिऱ्हाईक या कामाची तुलना भांड्याच्या दुकानाशी करते. तेथे आंदणाच्या भांड्यांवर विजेच्या पेनाने नाव घालून देतात, तेही बहुतेक वेळा खरेदीबरोबर फुकट. त्या माणसाला माझा दर जास्त वाटला तर मी त्याला दोष देत नाही. पण मग हे काम त्याला विकूच नये, असे माझे ठाम मत आहे. अर्ध्या भावात विकणारा स्वतःचे नुकसान करतोच, शिवाय त्याच्यामागून येणाऱ्या कारागिराचा भावही पाडून ठेवतो.

नवी वाट (अमरावती):
आकडा मी उदाहरणादाखल दिला होता. गिऱ्हाईक आपल्या आठवडी बाजारात शोधावे असे मी कोठेही म्हटलेले नाही; ते पुण्यात आहे, बंगळुरूत आहे, आणि लेझर यंत्रावर काही मिनिटांत होणारी नक्षी नको, हाताची हवी, असे म्हणून जास्त पैसे मोजणारे आहे. आपण दर महिन्याला पगार घेता आणि ज्यांना पगार नाही त्यांना विकू नका असे सांगता, हे मला पटत नाही.

वैनगंगा (भंडारा जिल्हा):
ऐरण दादा, तुम्ही ज्या विजेच्या पेनाचा उल्लेख केला, त्याच पेनावर माझे घर उभे राहिले आहे. भंडारा पितळी भांड्यांचे गाव म्हणून ओळखले जाते आणि माझ्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या तेच काम होते. स्टील घराघरांत शिरले तसे ते काम मंदावत गेले, आणि उरलेल्या दुकानात मी नावे घालू लागले. पुढे पितळेच्या डब्यांच्या झाकणांवर कोरणीने फुलांची किनार कोरायला शिकले. मला पूर्ण भाव कधीच मिळाला नाही. पण पूर्ण भाव मिळेपर्यंत थांबले असते तर मुलीच्या कॉलेजची फी कोणी भरली असती? मी १५ तासांची वेलबुट्टी करत नाही. तासाभरात होईल अशी एकच किनार पुन्हा पुन्हा करते, आणि त्यामुळे हातालाही वेग आला आहे.

खरा त्रास नातेवाइकांचा आहे. घरात लग्न निघाले की अख्ख्या आंदणावर नावे आणि नक्षी फुकट हवी असते, आणि पैशांचा विषय काढला तर बाई माणुसकी विसरली असे बोलले जाते. यावर येथे कोणीतरी लिहावे.

भाता (यवतमाळ जिल्हा):
वर इतके लिहिले गेले, पण ज्याने सुरी घडवली त्याचा हिशेब कोणीच मांडला नाही. माझे वडील लोहार आहेत. भट्टीपुढे बसून पाटा तापवायचा, घणाने ताणायचा, धार काढायची, पाणी द्यायचे, आणि ती सुरी बाजारात दोन-अडीचशे रुपयांना द्यायची. मग शिकलेला माणूस ती घेऊन जातो, तिच्यावर चार फुले कोरतो, खाली स्वतःचे नाव घालतो आणि हजारांत विकतो. छंद की व्यवसाय हा प्रश्न तुम्हाला पडतो, कारण तुम्हाला निवड आहे. आम्हाला तो प्रश्न कोणी विचारलाच नाही.

आणि कोणी योजनांचे नाव काढण्यापूर्वीच सांगतो. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत लोहार आहे. अवजारांसाठी १५,००० रुपयांचे साहाय्य आणि ५ टक्के व्याजाने पहिले १ लाखाचे कर्ज, असे तिचे स्वरूप आहे. वडिलांनी नोंदणी केली, आणि त्यानंतर एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरण्यातच त्यांची मजुरी बुडाली.

ऐरण:
भाऊ, लोहार जी किंमत सांगतो ती मी घासाघीस न करता देतो. माझ्या १५ तासांचे पैसे मी त्याच्या सुरीतून काढत नाही. त्या १८ व्यवसायांत धातूवर नक्षी कोरणाऱ्याचे स्वतंत्र नावही नाही. मला लुटारू ठरवण्यापूर्वी याचा विचार करावा.

भाता:
लोहार सांगतो ती किंमत बाजाराने त्याच्या तोंडात घातलेली असते. तुम्ही १५ तासांचा हिशेब मांडता, तसा त्याने कधी मांडला आहे का, आणि मांडला तर तुम्ही द्याल का? आपण दुसऱ्याच्या कष्टावर स्वाभिमानाचे भाषण करत आहात, असे मी स्पष्ट म्हणतो.

मगनवाडी (वर्धा):
दोघांनीही शब्द जपून वापरावेत. हा वाद आपल्याच जिल्ह्यात पूर्वी झालेला आहे. १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ वर्ध्यात स्थापन झाला आणि अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी तेथल्या मगनवाडीतून त्याचे काम चालवले. पुढच्याच वर्षी, म्हणजे १९३५ मध्ये, कातणाऱ्यांना पोटापुरती मजुरी मिळालीच पाहिजे असा आग्रह गांधीजींनी धरला. खादी महागेल आणि खप घटेल, ही कार्यकर्त्यांची भीती खोटी नव्हती. तरीही स्वस्त खादीसाठी कातणारीने उपाशी राहावे हे गांधीजींना मान्य झाले नाही. ऐरण यांनी स्वतःच्या तासांना जो न्याय लावला, तोच लोहाराच्या तासांना लावावा, एवढेच भाता यांचे म्हणणे आहे आणि ते मला योग्य वाटते.

वैनगंगा:
गुरुजी, खादीच्या मागे चरखा संघ उभा होता. माझ्यामागे कोण आहे? मी दर वाढवला तर दुकानदार उद्यापासून दुसऱ्या बाईला काम देईल, आणि तिलाही तितकीच गरज असेल.

सातपुडा (अचलपूर):
सुऱ्या विकायला निघालेल्यांनी एक नियम ध्यानात ठेवावा. शस्त्र नियमांतल्या हत्यारांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पाती येतात; घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक वापरासाठी बनवलेली त्यातून वगळली आहेत. पण भिंतीवर टांगण्यासाठी केलेला नक्षीदार लांब सुरा घरगुती आहे, हे चौकीत बसून समजावणे सोपे नसते, आणि माझ्या भावाला तो अनुभव आला आहे. पाती लहानच ठेवावीत. जीएसटीला मात्र उगाच घाबरू नये. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी करावी लागत नाही. राज्याबाहेर पाठवायचे असेल तर नियम वेगळे आहेत, ते ‘नवी वाट’ यांनी तरुणांना बंगळुरूचे स्वप्न दाखवण्यापूर्वी सांगायला हवे होते.

नवी वाट:
ही माहिती माझ्या लेखात नव्हती, हे खरे आहे. तरीही सुरुवात करण्यापूर्वीच माणसाला इतकी भीती घालणे मला मान्य नाही.

ऐरण:
वैनगंगा ताईंना मी कमी लेखले असे वाटले असेल तर तसा माझा हेतू नव्हता. रोजच्या खर्चासाठी ठरावीक किनार कोरणे आणि बारीक नक्षी पडत्या भावात विकणे या दोन गोष्टी मी वेगळ्या मानतो, आणि दुसरीविषयीचे माझे मत बदललेले नाही. भाता यांच्या भाषेचा मला अजूनही राग आहे. पण सुरीवर लोहाराचे नाव नसते हा त्यांचा मुद्दा मला खोडता येत नाही. यापुढे पात्यावर त्याचा ठसा राहील, आणि सुरी विकली गेली की ठरलेल्या किमतीव्यतिरिक्त विक्रीतला वाटाही त्याला देईन. किती, ते त्याच्याशीच बोलून ठरवीन. येथे जाहीर करणार नाही.

भाता:
वाटा किती हे येथे सांगू नका, त्याला सांगा, आणि सुरी घेण्यापूर्वी सांगा. ठसा मुठीखाली झाकला जाईल अशा ठिकाणी नको. तोही पाणी देण्यापूर्वीच मारावा लागतो, तेव्हा पुढच्या वेळी तयार सुरी उचलायला जाऊ नका. पाटा भट्टीत असतानाच जा.