मी वेळेआधी झालेले, म्हणजे माझं बाळही वेळेआधीच होणार का?

पहिलटकरीण
पाचवा महिना चालू आहे, पहिलंच आहे. मी स्वतः ३४व्या आठवड्यात झालेले, वजन १ किलो ९००, काही दिवस काचेत होते. आई पण म्हणे जन्मताना अशीच बारीक होती. परवा सासूबाई सहज बोलून गेल्या की तुमच्याकडे हे चालतच आलंय, तेव्हापासून डोक्यातून जातच नाहीये. डॉक्टर म्हणाले काळजी करू नका आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. खरंच हे आईकडून मुलीला आणि तिच्याकडून बाळाला येतं का? नवरा पूर्ण दिवस भरून झालेला, धष्टपुष्ट, त्याचा काही फायदा? 😅

नाईट_ड्युटी
लेबर रूमला नर्स आहे. येतं, पण सासूबाईंनी घाबरवलंय तेवढं नाही. ज्या स्वतः ३७ आठवड्यांच्या आत जन्मल्या त्यांची डिलिव्हरी लवकर होण्याची शक्यता जराशी जास्त असते, तरी त्यातल्या बहुतेकींचे दिवस नीट भरतात. आणि लवकर होणं वेगळं, बारीक होणं वेगळं, ३४ आठवड्यांना १९०० म्हणजे तू फार काही बारीक नव्हतीस.
आधी आईला विचार की लवकर का झालं. जुळं होतं? वार खाली होती? मग ती त्या वेळेची अडचण, तुझ्याकडे येईलच असं नाही. आपोआप कळा आल्या किंवा पाणी गेलं असेल तर आताच्या सोनोग्राफीत पिशवीच्या तोंडाची लांबी मोजायला सांग, २५ मिमीच्या आत आली तर प्रोजेस्टेरॉनचा (गर्भ टिकवणारं हार्मोन) विचार करतात. आणि बीपीमुळे डॉक्टरांनीच बाळ काढलं असेल तर ते नक्की सांग, कारण प्रीएक्लाम्पसिया (गरोदरपणात बीपी वाढण्याचा आजार) आईला झालेला असला की मुलीलाही धोका वाढतो.

उगाच_वाचणारा
नवऱ्याच्या फायद्याबद्दल: वजनात बापाचा वाटा असतो, पण लवकर होण्यात बाप स्वतः कधी जन्मला याने फारसा फरक पडत नाही. १९३८ मधला वॉल्टन आणि हॅमंड या शास्त्रज्ञांचा प्रयोग भारी आहे, त्यांनी शायर हे अवाढव्य घोडे आणि शेटलंडचे बुटके पोनी यांचा दोन्ही बाजूंनी संकर केला. शिंगरांत जीन्स निम्मे निम्मेच, पण शायर आईच्या पोटची शिंगरं शेटलंड आईच्या पोटच्या शिंगरांपेक्षा जन्मताना जवळजवळ तिप्पट वजनाची. म्हणजे पोटात किती वाढायचं यावर आईच्या शरीराचा लगाम असतो.

स्पष्टच_बोलते
हे वाचून लोक परत सगळं बाईच्याच माथी मारतील म्हणून लिहिते. मुलगी पोटात असतानाच तिची सगळी स्त्रीबीजं तयार होतात, म्हणजे ज्या बीजापासून तू झालीस ते तुझ्या आजीच्या पोटात तयार झालेलं. ऐकायला जादू वाटते पण त्यावरून "रक्तातच आहे" असं कुणी काढू नये. लहानपणी खायला नीट नाही म्हणून उंची खुंटली, कमी वयात पहिलं बाळ, लगेच दुसरं, हिमोग्लोबिन कायम कमी, आणि मुलीच्या वाट्यालाही तेच घर तेच हाल. पिढ्यानपिढ्या बाळं अडीच किलोच्या आत येतात त्यात याचा वाटा मोठा आहे, आणि हे बदलता येतं. तुमच्याकडे चालत आलंय म्हणणाऱ्यांनी आधी सुनेचं हिमोग्लोबिन किती ते विचारावं.

पहिलटकरीण
आईला फोन केला. बीपी खूप वाढलं, अंगावर सूज आली म्हणून घाईने सिझर केलेलं! एवढ्या वर्षांत मला कुणी सांगितलंच नव्हतं, आई म्हणाली त्यात काय सांगायचं. जुनी फाइल पण आहे तिच्याकडे.

नाईट_ड्युटी
फाइलचे फोटो मागवून घे आणि पुढच्या तपासणीची वाट न बघता डॉक्टरांना दाखव. प्रीएक्लाम्पसियाचा धोका कमी करायला लहान डोसची ॲस्पिरिन शक्यतो सोळाव्या आठवड्याच्या आत सुरू करतात, आता तुला द्यायची का ते तेच ठरवतील, मनाने घेऊ नकोस. दर वेळी बीपी आणि लघवीतलं प्रोटीन बघायला सांग. खूप डोकं दुखलं, डोळ्यापुढे चमकलं, बरगडीखाली दुखलं किंवा तोंड एकदम सुजलं तर रात्र असली तरी सरळ हॉस्पिटल गाठ.